मागेल त्यालाच सुटका
प्रस्तावना

२८ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी पुणे पोलिसांची पथके देशातल्या अनेक शहरांत एकाच वेळी घरांच्या दारांशी पोहोचली. त्या दिवशी पाच जणांना अटक झाली : हैदराबादेत वरवरा राव, मुंबईत व्हर्नन गोन्साल्विस, ठाण्यात अरुण फरेरा, दिल्लीत गौतम नवलखा आणि दिल्लीला खेटून असलेल्या हरियाणातल्या फरीदाबादेत सुधा भारद्वाज. गुन्हा पाचही जणांवर एकच होता. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर भरलेल्या एल्गार परिषदेबद्दल ८ जानेवारी २०१८ ला विश्रामबाग पोलीस ठाण्यात तो नोंदला गेला होता. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला होता, आणि पुढे या गुन्ह्यात यूएपीएची, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली. याच गुन्ह्यात सुरेंद्र गडलिंग, सुधीर ढवळे, रोना विल्सन, शोमा सेन आणि महेश राऊत यांना जूनमध्येच अटक झाली होती.

हे पुस्तक जामिनाबद्दल आहे, आणि त्याची प्रस्तावना फरीदाबादपासून सुरू करण्याला कारण आहे. जामिनाचा कायदा वाचताना जे कळत नाही, ते या एका शहरात घडलेल्या आणि नंतर पुणे-मुंबईच्या कोर्टांत उलगडलेल्या एका प्रकरणात लख्ख दिसते. आपल्याकडे माणूस तुरुंगात राहणार की घरी जाणार हे पुष्कळदा त्याच्यावरच्या आरोपाच्या वजनावर ठरतच नाही. त्याचे घर कोणत्या हायकोर्टाच्या हद्दीत येते, अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला, समोरच्या न्यायाधीशांना ते प्रकरण चालवण्याचा अधिकार होता की नव्हता, हमी द्यायला कोण उभे राहिले, यावर ते ठरते.

हद्दीपासून सुरुवात करू. दिल्ली मेट्रो बदरपूरची सीमा ओलांडून फरीदाबादेत जाते. रोज हजारो माणसे कामाला याच रस्त्याने ये-जा करतात आणि राज्य कुठे बदलले हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. अटक झालेल्या माणसाला मात्र ती सीमा फार मोठी असते. नवलखा दिल्लीत राहत होते, म्हणून त्यांचा अर्ज दिल्ली हायकोर्टात गेला. भारद्वाज सीमेपलीकडे राहत होत्या, म्हणून त्यांच्या वकिलांना धाव घ्यावी लागली ती अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या चंडीगडच्या पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाकडे. तिथून त्याच संध्याकाळी त्यांना पुण्याला नेण्यावर स्थगिती मिळाली. रात्री उशिरापर्यंत फरीदाबादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ट्रान्झिट रिमांडवरून, म्हणजे आरोपीला दुसऱ्या राज्यात नेण्याच्या परवानगीवरून, ओढाताण चालली आणि अखेर भारद्वाज यांना पुण्याला न नेता घरी परत आणून नजरकैदेत ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी रोमिला थापर आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पाचही जणांना नजरकैदेतच ठेवण्याचा आदेश दिला.

महिनाभराने, २८ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने स्वतंत्र तपास पथकाची मागणी नाकारली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे मत वेगळे पडले. नजरकैद चार आठवड्यांनी वाढली, आणि दाद मागायला योग्य त्या न्यायालयात जा, असे आरोपींना सांगण्यात आले. तीनच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, दिल्ली हायकोर्टाने नवलखा यांचा ट्रान्झिट रिमांड रद्द केला. न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. कागदपत्रे मराठीत, दंडाधिकाऱ्यांना मराठी येत नाही. मग माणसाला दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी देण्याआधी त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली ती कशाच्या आधारावर? नवलखा त्या दिवशी नजरकैदेतून मोकळे झाले. एफआयआर तोच, तारीख तीच, पोलीस तेच. पण फरीदाबादच्या घरातला पहारा उठला नाही. २६ ऑक्टोबरला पुण्याच्या सत्र न्यायालयाने भारद्वाज, गोन्साल्विस आणि फरेरा यांचे जामीन अर्ज फेटाळले आणि दुसऱ्या दिवशी पुणे पोलीस भारद्वाज यांना फरीदाबादहून घेऊन गेले. पुढली तीन वर्षे आधी येरवडा आणि नंतर भायखळ्याच्या महिला कारागृहात गेली.

नवलखा यांनाही पुढे, एप्रिल २०२० मध्ये, शरण जावेच लागले. तेव्हा त्या सीमेने कोणाला कायमचे वाचवले असे कोणी म्हणणार नाही. तरीही दीड वर्ष घरी असणे आणि दीड वर्ष आत असणे यातला फरक ज्याने भोगला त्याला विचारावा.

सुधा भारद्वाज यांच्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढच्या गोष्टीत त्यांच्या वकिलीला महत्त्व आहे. जन्म १९६१ चा, अमेरिकेतला. आई कृष्णा भारद्वाज या नामवंत अर्थशास्त्रज्ञ. कानपूरच्या आयआयटीत गणित शिकून, जन्माने मिळालेले अमेरिकी नागरिकत्व सोडून, त्या छत्तीसगडच्या दल्ली राजहरामध्ये शंकर गुहा नियोगींच्या खाणकामगार संघटनेत गेल्या. कामगारांच्या खटल्यांना वकील मिळत नाही हे पाहून चाळिशीच्या सुमारास स्वतःच वकील झाल्या आणि बिलासपूरच्या हायकोर्टात उभ्या राहू लागल्या. अटक झाली तेव्हा त्या दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकवत होत्या. म्हणजे ज्या बाईला अटक झाली तिला कायद्याचे कलमन् कलम ठाऊक होते, आणि तिच्यासाठी उभे राहायला देशातले उत्तम वकील तयार होते. तरी सुटायला तीन वर्षे लागली. ज्याला यातले काहीच नाही, त्याचे काय होत असेल याचा अंदाज इथून बांधावा लागतो.

आता त्या सुटल्या कशा, ते पाहू. हा भाग किचकट आहे. पण पुस्तकाचा गाभा इथेच आहे, तेव्हा वाचकाने थोडी सबुरी ठेवावी.

आपल्या फौजदारी कायद्यात एक फार माणुसकीची तरतूद आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम १६७(२). १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आली आहे. पोलिसांनी माणसाला अटक केली की गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत तपास संपवून आरोपपत्र दाखल करायचे. नाही केले, तर आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर त्याला सोडायचेच. गुन्हा कसला आहे, पुरावा किती आहे, हे कोर्टाने बघायचे नाही. सरकारने आपले काम वेळेत केले नाही एवढे पुरे. वकील मंडळी याला 'डिफॉल्ट बेल' म्हणतात. यूएपीएमध्ये ही मुदत नव्वदवरून एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवता येते. त्यासाठी सरकारी वकिलाने कारणांसह अहवाल द्यावा लागतो आणि मुदतवाढ कोर्टाने मंजूर करावी लागते.

पुण्यात अशी मुदतवाढ २६ नोव्हेंबर २०१८ ला मिळाली. भारद्वाज यांच्यावरचे पुरवणी आरोपपत्र आले २१ फेब्रुवारी २०१९ ला. पुढे मुंबई हायकोर्टाने हिशेब केला तेव्हा त्यांचे नव्वद दिवस २५ जानेवारी २०१९ ला भरले असे ठरले. फरीदाबादच्या घरात पहाऱ्यात गेलेले दोन महिने या मोजणीत धरलेच गेले नाहीत. घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, भेटायला कोणाला येता येत नाही, दारात पोलीस. कायद्याच्या लेखी मात्र ते दिवस शून्य. हे मला आजही पटत नाही. माणसाचे स्वातंत्र्य ज्या क्षणी काढून घेतले त्या क्षणापासून घड्याळ सुरू व्हायला हवे; कोंडलेली जागा घर आहे की बराक, याने मोजणी बदलू नये.

तरीही २५ जानेवारी आणि २१ फेब्रुवारी यांच्यामध्ये सत्तावीस दिवस उरतात. ते झाकायला होती फक्त ती मुदतवाढ. माहितीच्या अधिकारातून मिळालेल्या उत्तरांतून पुढे उघड झाले की मुदतवाढ देणारे पुण्याचे अतिरिक्त सत्र न्यायाधीश राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून नेमलेलेच नव्हते. दरम्यान ऑक्टोबर २०२० मध्ये 'बिक्रमजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की तपास राज्याचे पोलीस करत असले, तरी यूएपीएच्या प्रकरणात अशी मुदतवाढ देण्याचा अधिकार, विशेष न्यायालय अस्तित्वात असेल तर, फक्त त्याच न्यायालयाला आहे. पुण्यात विशेष न्यायालय होते. १ डिसेंबर २०२१ ला न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि न्यायमूर्ती एन. जे. जामदार यांच्या खंडपीठाने मुदतवाढ बेकायदा ठरवली आणि भारद्वाज यांना जामीन दिला. तोवर तपास हाती घेतलेली एनआयए सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ डिसेंबरला तिथे तिची याचिका फेटाळली गेली. ९ डिसेंबरला भारद्वाज भायखळ्याच्या तुरुंगातून बाहेर आल्या.

याच निकालात, याच गुन्ह्यातल्या आणखी आठ जणांना जामीन नाकारला गेला : ढवळे, राव, विल्सन, गडलिंग, सेन, राऊत, गोन्साल्विस आणि फरेरा. अधिकार नसलेल्या न्यायालयापुढेच त्यांचेही प्रकरण चालले होते. फरक सांगितला गेला तो एवढाच की मुदत संपून आरोपपत्र येण्याच्या आधी डिफॉल्ट जामिनाचा अर्ज भारद्वाज यांचा होता. या आठ जणांनी तो हक्क वेळेत बजावला नाही. त्यांच्यापैकी तिघांनी नंतर फेरविचाराची मागणी केली, तीही २०२२ मध्ये नाकारली गेली.

या फरकाची किंमत मोजून पाहावी. गोन्साल्विस आणि फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला २८ जुलै २०२३ ला. शोमा सेन यांना ५ एप्रिल २०२४ ला. विल्सन आणि ढवळे यांना मुंबई हायकोर्टाने जामीन दिला ८ जानेवारी २०२५ ला. साडेसहा वर्षे झाली तरी आरोप निश्चित झालेले नाहीत, तीनशेहून अधिक साक्षीदार आहेत आणि खटला नजीकच्या काळात संपण्याची चिन्हे नाहीत, म्हणून. भारद्वाज सुटल्या त्यानंतरची ही दीड, दोन, तीन वर्षे. या मधल्या काळात त्यांच्यापैकी कोणाचाही गुन्हा सिद्ध झाला नाही, कोणाचा फेटाळलाही गेला नाही. एक अर्ज कोणत्या दिवशी टेबलावर होता, त्यावर ती वर्षे गेली.

हायकोर्टाने कायदा चुकीचा वाचला असे मी म्हणत नाही. कायदा तसाच आहे, आणि तो घडलाही बराचसा महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांत. १९९४ मध्ये मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणातल्या संजय दत्त खटल्यात घटनापीठाने सांगितले की आरोपपत्र दाखल झाले की हा हक्क उरत नाही. त्याआधी बजावला तरच. २००१ मध्ये 'उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने थोडा दिलासा दिला : अर्ज केला आणि जामीन द्यायची तयारी दाखवली, की हक्क बजावला असे धरायचे; मग कोर्टाने सुनावणीला वेळ लावला म्हणून तो बुडत नाही. २०१७ मध्ये 'राकेश कुमार पॉल' प्रकरणात न्यायमूर्ती मदन लोकूर आणखी पुढे गेले. अर्ज लेखीच हवा असे नाही, तोंडी मागितले तरी चालेल, आणि आरोपीला त्याचा हा हक्क कोर्टाने सांगावा, असे त्यांनी लिहिले. दिशा बरोबर होती. पण मागणे आरोपीनेच मागायचे, हे बदलले नाही. आरोपीने मागितले नाही, आणि एखाद्या संध्याकाळी पोलिसांनी आरोपपत्राचा गठ्ठा आणून ठेवला, की दार बंद.

संविधानाच्या कलम २१ ने प्रत्येकाला स्वातंत्र्याचा हक्क दिला आहे, मागेल त्याला नव्हे. सरकारने वेळ पाळली नाही म्हणून जर माणसाला सुटण्याचा हक्क मिळत असेल, तर ती तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी कोठडीतल्या माणसावर का? कोर्टाच्या फाइलीत अटकेची तारीख असते. तुरुंगाच्या नोंदवहीत असते. तपास अधिकाऱ्याला तर ती पाठच असते, कारण त्याच्या सगळ्या धावपळीचे कारण तीच असते. ज्याच्याजवळ ना कॅलेंडर, ना फोन, ना वकील, नेमकी त्याच्याकडूनच आपण अचूक दिवशी अचूक कागदाची अपेक्षा करतो.

अशी माणसे किती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. शेकड्याला जवळपास ७६. यातले एल्गार प्रकरणासारखे गाजलेले खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे चोरी, मारामारी, हुंडाबळी, गांजा, अपहरण, घरगुती भांडणातून झालेले खून. ज्यांची बातमी अटकेच्या दिवशी चार ओळींत येते आणि नंतर येतच नाही. भारद्वाज यांनी येरवड्यात फाशी यार्डाच्या कोठडीतून आसपासच्या बायका पाहिल्या आणि त्यांची शब्दचित्रे लिहिली. ती २०२३ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती वाचताना कळते की या बायकांना आपल्यावरचे कलम कोणते, वकील कोण, पुढची तारीख कधी, हे ठाऊक नसणे हीच तिथली सर्वसाधारण अवस्था असते. कोर्टात न्यायला पोलीस गार्ड मिळाला नाही की तारीख हुकते. व्हिडिओवर हजेरी लागते, पण आवाज येत नाही. घरच्यांनी नाव टाकलेले असेल तर मुलाखतीला कोणी येत नाही. कायदा जाणणारी एक कैदी बराकीत आहे म्हटल्यावर तिच्याकडे अर्ज लिहून घ्यायला रांग लागणारच. भारद्वाज यांनी येरवडा-भायखळ्यात असे पुष्कळ अर्ज लिहून दिले. विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेले वकील असतात, पण ते आणि बंदी यांची भेट कितीदा होते हे तुरुंगाचा उंबरा ओलांडलेल्या कोणालाही विचारावे. महाराष्ट्रात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून पोलीस कोठडीत आणि तुरुंगांत हेच दुवा जोडायचे काम करतो. कामाचा आवाका पाहिला की अशा शंभर संस्था हव्यात असे वाटते.

आणि अर्ज मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असेही नाही. इथे जामीनदाराचा प्रश्न येतो. 'दहा-पंधरा हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक लायक जामीनदार' हे वाक्य कोर्टाच्या आदेशात किती सहज लिहिले जाते! फरीदाबाद हे कारखान्यांचे शहर. फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहतीने वाढलेल्या या गावात आज बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेले मजूर राबतात. अशा मजुराला अटक होऊन तो नीमक्याच्या जिल्हा तुरुंगात गेला, तर हरियाणात ज्याच्या नावे घर किंवा जमीन आहे असा कोणता माणूस सेक्टर बाराच्या कोर्टात येऊन त्याची हमी घेणार? पिंपरी-चिंचवडच्या बांधकामावरच्या छत्तीसगडी मजुराची शिवाजीनगर कोर्टात हीच गत. तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड, पगारपत्रक, यांतले एकही न निघणारी माणसे जामिनाचा आदेश हातात असून महिनोन् महिने आत राहतात. कोर्टाच्या आवारात मग पैसे घेऊन हमी देणारे धंदेवाईक जामीनदार उभे राहतात, आणि त्या खोट्या हमीवर सगळे जण डोळेझाक करतात.

हे १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगून झाले आहे. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांची हमी मागितली आणि त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. गवंड्याला पुन्हा दिल्लीच्या दारात जावे लागले. अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली आणि स्वतःच्याच मुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले; जामीनदार दुसऱ्या जिल्ह्याचा, दुसऱ्या भाषेचा असला म्हणून काय बिघडते, असे त्यांनी कडक शब्दांत विचारले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतली अशी माणसे समोर आली की ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला असता तरी त्याहून कमी शिक्षा झाली असती. त्याला आता पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की स्थानिक जामीनदाराची अट हट्टाने घालू नका, जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवा, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. योजना चांगली आहे. पण तीही अर्ज, समिती आणि शिफारस यांच्या वाटेनेच जाते.

आदेश पोहोचण्याची गोष्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये साऱ्या देशाने पाहिली. आर्यन खानला मुंबई हायकोर्टाने २८ तारखेला जामीन दिला; पण आर्थर रोड तुरुंगाबाहेर सुटकेचे आदेश टाकायची जी पेटी आहे, तिच्यात कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत पडला नाही, म्हणून तो सुटला ३० तारखेला. नामवंत बापाच्या मुलाची रात्र वाया गेली तेव्हा ती पेटी बातमीत आली. त्याआधी कित्येक वर्षे ती तिथेच होती.

भारद्वाज यांच्या सुटकेलाही अटी होत्या. ५०,००० रुपयांचा मुचलका, मुंबई सोडायची नाही, खटल्याबद्दल प्रसारमाध्यमांशी बोलायचे नाही. दिल्लीतली शिकवण्याची नोकरी, फरीदाबादचे घर, छत्तीसगडमधली माणसे, मुलगी, हे सगळे ज्या शहरात नाही तिथे साठीच्या बाईने नव्याने भाड्याची खोली आणि काम शोधायचे. जामिनाची अट आरोपी पळू नये म्हणून असते. तिने माणसाचे पोट मारले, तर ती शिक्षाच होते.

आता दुसरी बाजू, आणि ती टाळली तर हे लिखाण अप्रामाणिक होईल. फरीदाबाद जिल्ह्यातच, २२ जून २०१७ ला, मथुरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये जुनैद खान या किशोरवयीन मुलाला भोसकून मारले गेले. ईदच्या खरेदीसाठी तो भावांबरोबर दिल्लीला गेला होता. फरीदाबादच्या कोर्टात खटला उभा राहिला, आणि आरोपी एकेक करत जामिनावर सुटले. मुख्य आरोपीलाही २०१८ मध्ये हायकोर्टातून जामीन मिळाला. त्या मुलाच्या आईवडिलांसमोर 'जामीन हा नियम' असे कोण म्हणेल? तरीही मला म्हणावे लागते. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. आपल्याला आवडणाऱ्या आरोपीला जो नियम लावायचा, तोच न आवडणाऱ्याला. त्या कुटुंबाचा खरा हक्क होता तो लवकर चालणाऱ्या खटल्याचा, साक्षीदारांना न धमकावले जाण्याचा, आणि सरकारी वकिलाने जीव तोडून बाजू मांडण्याचा. तो हक्क पुरा होत नाही म्हणून आपण तुरुंगवासालाच शिक्षा मानू लागतो आणि जामिनावर राग काढतो. पहिल्या तारखेला कोणी जामिनावर सुटला की 'सुटला' एवढेच गावात पसरते. खटला दहा वर्षे न चालण्याबद्दल मोर्चा निघत नाही.

यूएपीएबद्दल या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये या कायद्यात कलम ४३ड(५) आले. आरोप सकृद्दर्शनी खरा मानायला वाजवी आधार आहे असे कोर्टाला वाटले तर जामीन द्यायचाच नाही, असे ते सांगते. २०१९ च्या वताली निकालाने ही चौकट आणखी आवळली. २०२१ च्या के. ए. नजीब निकालाने सांगितले की खटला रखडला आणि माणूस वर्षानुवर्षे आत राहिला तर घटनात्मक न्यायालये तरीही जामीन देऊ शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने या कायद्यात तुरुंग हाच नियम असल्याचे म्हटले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दुसऱ्याने विशेष कायद्यांतही जामीन हाच नियम असल्याचे. कोणत्या खंडपीठासमोर तारीख पडते हा पुन्हा नशिबाचा भाग. या लांबणीत एल्गार प्रकरणातलेच एक आरोपी स्टॅन स्वामी गेले. वय चौऱ्याऐंशी, कंपवात. ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीत अटक झाली आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात मृत्यू आला, त्या दिवशी त्यांच्या जामिनावर मुंबई हायकोर्टात सुनावणी होती. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी न्यायमूर्तींना मृत्यूची बातमी सांगितली.

म्हणून हे पुस्तक वकिलांसाठी लिहिलेले नाही. ज्याच्या घरचे माणूस काल रात्री उचलून नेले आहे, त्याच्यासाठी आहे. अटकेची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, रिमांडच्या आदेशाची प्रत मागा, साठावा आणि नव्वदावा दिवस घराच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, तिथे पैसे लागत नाहीत. अशा गोष्टी पुढे सविस्तर येतील. पण वाचकाला हे शिकवतानाच मला हेही वाटते की हे त्याला शिकायला लागू नये.

कायद्यात त्याची एक सुरुवात झालेली आहे. नव्या संहितेचे कलम ४७९ सांगते की जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ, आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात नवे आहे ते हे : हा काळ भरताच तुरुंग अधीक्षकानेच कोर्टाकडे लेखी अर्ज करायचा. कैद्याने नव्हे, अधीक्षकाने. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या कैद्यांनाही लागू केले आणि अधीक्षकांना कामाला लागायला सांगितले. पण दुसरे पोटकलम लगेच आड येते : एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. आणि पोलीस एका घटनेत चार कलमे लावतात, हे कोणत्याही ठाण्यात पाहायला मिळते. आधी ते पोटकलम जायला हवे.

आणि तिसऱ्या पोटकलमातली ती ओळ कलम १८७ मध्ये यायला हवी. साठावा किंवा नव्वदावा दिवस उलटला, आरोपपत्र नाही, तर तुरुंग अधीक्षकाने दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाला कळवायचे आणि कोर्टाने त्या दिवशी माणसाला समोर बोलावून जामिनाबद्दल विचारायचे. मधल्या वेळात आरोपपत्र आले तरी हक्क जाणार नाही. २०२२ मध्ये सत्येंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचा स्वतंत्र कायदा करण्याचा विचार करा, असे केंद्र सरकारला सुचवले. तो कायदा झालेला नाही. झाला, तर त्याचे पहिले कलम हे असावे.